चार आण्यांची राणी आणि माझी कातर

३ फेब्रुवारी १९४६, रविवार

शाळांच्या वह्या कापून उरलेल्या कागदांची एक जाड वही शिवली. कागद चार जातींचे, विकायला ठेवली तर कोणी हात लावणार नाही. म्हटलं, आपणच लिहावं. मी जैनुद्दीन. नगरच्या झेंडी गेटाजवळ माझं पुस्तकबांधणीचं दुकान, आणि दुकानाच्या मागं राहायची खोली. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, म्हणून लिहिणं मराठीत. माझी बायको सकीना असती तर म्हणाली असती, हे काय नवीन खूळ. ती जाऊन दोन वर्षं होत आली. मुलगी शरिफा भुसावळला असते, जावई रेल्वेत आहे. म्हणजे घरात बोलायचं झालं तर पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशी, आणि तो नुसता करकरतो.

रविवार मात्र बरा जातो. रविवारी राधाकृष्ण मास्तर येतात. मूळचे कोल्हारचे. सारा जन्म पोस्टात काढला, आता पेन्शन घेऊन माळीवाड्यात भाड्याच्या छोट्या घरात एकटेच राहतात. त्यांच्या राहीबाई माझ्या सकीनाच्या आधी गेल्या. पोस्टाचं एक जुनं पुस्तक बांधायला म्हणून पहिल्यांदा आले होते, ते अजून येतच आहेत. माझ्या हातचा चहा पितात. गल्लीत कोणी त्यावरून बोललं तर म्हणतात, "पोस्टातल्या माणसानं कुणाकुणाच्या तिकिटांना थुंकी लावलीय, माझा धर्म केव्हाच ओला झाला."

आज शरिफाला पत्र टाकायचं होतं. तिकीट लावायच्या आधी मी त्याचे दाते कातरून टाकतो. ती करवतीसारखी कड मला बघवत नाही. मास्तर हसले. म्हणाले, "अहो जैनूभाई, सरकारनं एवढी भोकं पाडली ती तुमच्या कातरीसाठी नव्हे." मी म्हणालो, "सरकारला सरळ कापता येत नाही, म्हणून भोकं पाडतं."

जाताना उंबऱ्यात थांबले. घरमालक घर विकायला निघालाय, पहिल्यांदा मास्तरांना विचारलंय. घर घेतलं तर इथंच राहतील. नाही तर लेक नागपूरला कधीची बोलावतेय, तिच्याकडे जावं लागेल. "पैसे?" मी विचारलं. तर म्हणाले, आजोबांची जुनी पाकिटं आहेत, त्यांवरची तिकिटं मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दाखवायची आहेत. भाव आला तर घर, नाही आला तर नागपूर. आणि नागपूर म्हणजे माझा रविवार गेला. हे आपमतलबी आहे, पण वही माझी आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

मास्तर पाकिटं घेऊन आले. आजोबा कापसाच्या पेढीवर कारकून होते. त्या काळी आलेलं पत्र तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचे, त्यामुळे बहुतेक पाकिटांना मधोमध भोक. ज्यांच्या तिकिटाला भोक पडलं नाही तेवढीच मास्तरांनी निवडलीत. अर्ध्या आण्याची निळी बरीच आहेत, आणि एक आहे चार आण्यांचं. लाल अष्टकोनी चौकट आणि आत राणीचं निळं तोंड. नव्वद वर्षांपूर्वीचं, तरी रंग असा की काल छापलं असेल. मी आजवर इतकं देखणं तिकीट पाहिलेलं नाही.

मास्तर खुशीत होते. म्हणाले, व्यापारी आधी कड बघतो. कड फाटकी असली की तिकीट बाजूला. मग शिक्का बघतो. टाकानं फुली मारलेलं तिकीट कोणी विचारत नाही, आणि तोंडाला काळं फासलेलंही नाही. मग राणीभोवतीच्या पांढऱ्या कागदावर बोट ठेवून पुष्कळ बोलले. तेव्हाच्या तिकिटांना दाते नव्हते, लोक घाईनं कसंही कापायचे, असं काहीसं. अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला शिक्काही दाखवला. माझं निम्मं लक्ष चुलीवर शिजणाऱ्या, पुस्तकं चिकटवायच्या खळीकडे. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातला की ती बघता बघता उतू येते. आलीच. सगळी चूल चिकट होऊन बसली, आणि मास्तरांचं बोलणं तिथंच राहिलं.

जाड पानांचा, पक्क्या पाठीचा एक अल्बम बांधून द्या म्हणाले. तिकिटं लावायचं त्यांचं ते बघतील. मी म्हणालो, मुंबईच्या शेठनं अल्बम बघूनच भाव वाढवला पाहिजे असा बांधतो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

जवळच्या नागापूर गावाहून छबूबाई दूध घालायला येते. आज तिनं मला लिहिताना पकडलं. "काय लिवता ओ जैनूभाई?" हिशेब, म्हणालो. "हिशेब लिवताना कुनाचं व्हट हालत्यात व्हय? एकल्याला करमत न्हाई म्हून लिवता, मला काय कळत न्हाई?" मग म्हणे, पुन्हा निका लावा. मी म्हटलं, तुझं दूध आधी घट्ट आण, मग माझ्या निक्याचं बघू. दूध खरंच पातळ आहे. पण ती गेल्यावर दुकान लई मोठं वाटायला लागलं.

अल्बमला कापड मिळालं. लढाई संपली म्हणतात, पण पुठ्ठा अजून लढाईवरच आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

मास्तर उद्या कोल्हारला निघालेत. धाकटा भाऊ आजारी आहे, केव्हा परत येतील सांगता येत नाही. पाकिटं माझ्याकडे ठेवून गेले. चुरगळलेली आहेत, तोवर शिकंज्यात दाबून ठेवा, सपाट होतील म्हणाले. मी त्यांना दिलासा दिला, भाऊ बरे होतील.

मला म्हणाले, "नीट सांभाळा हं. माझं घर तुमच्या शिकंज्यात आहे."

३ मार्च, रविवार

मास्तर नाहीत. चहा सवयीनं जास्त टाकला आणि सगळा मीच प्यायलो. मग झोप कुठली.

पाकिटं काढून बघत बसलो. खरं सांगायचं तर दशा बघवेना. त्या जुन्या लोकांना कातर धरता येत नव्हती. कोणाची कड तिरकी, कोणाची झिजून तंतू निघालेली. राणीच्या तिकिटाभोवतीचा कागद पिवळट, एका कोपऱ्याला मुडपलेला. आणि मास्तरच म्हणाले होते, व्यापारी पहिल्यांदा कड बघतो. फाटक्या कडेचं पुस्तक कोणी माझ्याकडे आणलं तर मी काय करतो? शिकंज्यात धरतो, नवी कड कापतो, पुस्तक नवं होतं. आमचा धंदाच तो.

मास्तरांच्या हाताला कंप आहे. त्यांनी स्वतः ही कापायची आणि चिकटवायची म्हणजे झालंच. ते यायच्या आत मीच सगळं करून ठेवलं तर? त्यांचं मन आत्ता भावाकडे असणार. परत येतील आणि अल्बम तयार. घर घ्यायला मुंबईची गाडी पकडायची तेवढी बाकी.

६ मार्च, बुधवार

आज केलं. इतका मन लावून हात सकीना गेल्यापासून चालला नव्हता.

कोमट पाण्यात एकेक पाकीट भिजवलं आणि तिकिटं सोडवली. एकही फाटलं नाही. शिक्के पुसायला शिळ्या पावाचा गर घासून पाहिला, वहीवरचे डाग तसेच जातात, पण ही शाई काही हलली नाही. निदान पुसट झाली असेल. मग कातर. मोठी नव्हे, सकीनाची भरतकामाची, टोकदार. निळी सगळी चौकटीच्या रेघेला लावून सरळ कापली. राणीला मात्र श्वास धरून. आठ बाजू, आठ वेळा कातर. पिवळट कागद सगळा गेला आणि लाल चौकट अशी उठून आली की सुनारानं खडा बसवल्यासारखं वाटावं. खळीनं पक्कं चिकटवलं, वर वजन ठेवलं.

अल्बमच्या पाठीला आतून अस्तर लागतं, आणि या दिवसांत कागद आहे कुठे? जुना कागद चिवट असतो. ती पाकिटं पट्ट्या कापून पाठीत घातली. आम्ही बाइंडर सगळेच हे करतो. माझ्या वडिलांनी बांधलेल्या पुस्तकांच्या पाठी उकलल्या तर निम्म्या नगरच्या जुन्या चिठ्ठ्या निघतील. शेवटच्या पानाला आत माझ्या दुकानाची छापील चिठ्ठी लावली. माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही. मास्तर आता नागपूरला कसले जातात.

१७ मार्च, रविवार

मास्तर आले. वाळलेत. भाऊ वाचला नाही. त्यांच्याजवळ बसलो. पहिल्या चहानंतर म्हणाले, "बोलत राहा जैनूभाई, काहीही बोला." मग मी अल्बम काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

पहिलं पान उलटलं. मग पुढचं. राणीच्या पानावर थांबले. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला.

"सगळीच कापलीत?"

"सगळी. एकाची कड फाटकी ठेवली नाही."

"आणि पाकिटं?"

"पाठीत अस्तराला. वाया काही घालवलं नाही."

खूप वेळ राणीकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो. शेवटी अल्बमवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखा हात अख्ख्या नगरात नाही." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दुसरा चहा केला तो अर्धाच प्यायले. भावाचं दुःख ताजं आहे, चालायचंच. अल्बम उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले.

७ एप्रिल, रविवार

त्या दिवसानंतर मास्तर आलेले नाहीत. पहिल्या रविवारी म्हटलं, सुतक असेल. दुसऱ्या रविवारी म्हटलं, ऊन आहे. आता काय म्हणू?

मनात वाईट येतं ते लिहितो. दिवस बदललेत. चौकात सभा होतात, दोन्हीकडची पोरं काहीबाही ओरडतात. मास्तरांना कोणी सांगितलं असेल, झेंडी गेटाला कशाला जाता? आणि त्यांनी ऐकलं असेल. नाही तर एखादा माणूस असा अचानक येणं का थांबवेल? मी तर त्यांचं कामच केलंय. संध्याकाळी माळीवाड्यापर्यंत गेलो होतो. गल्लीच्या तोंडाला उभा राहून परत आलो. स्वाभिमान मलाही आहे.

२१ एप्रिल, रविवार

आले. मुंबईला जाऊन आलेत. मी तोंड फुगवून बसणार होतो, पण त्यांना उंबऱ्यात बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

तिकिटांना भाव नाही आला. शेठ म्हणाला बाजार पडलाय, लढाईनंतर लोक हातचा पैसा सोडत नाहीत. अल्बम परत आणलाय. मी त्या शेठला मनसोक्त शिव्या दिल्या. डोळे फुटलेत का मेल्याचे, इतकं स्वच्छ काम! मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो. त्याचं काही चुकलं नाही." हा माणूस कुणालाही माफ करतो, हाच त्यांचा दोष.

घरमालकाला नाही म्हणून सांगितलंय. मे महिन्यात नागपूर. जावयाच्या घरी कोपऱ्यात बसायचं, दुसरं काय, असं म्हणून हसले. मला म्हणायचं होतं, माझी मागची खोली आहे, तिथं या, दोघांना पुरेल. तोंडात आलं होतं. पण ते ब्राह्मण, लेक काय म्हणेल, लोक काय म्हणतील, आणि मला ते नाही म्हणाले तर? मी म्हणालो, "पुठ्ठा फार महाग झालाय." मास्तर म्हणाले, "व्हायचाच."

५ मे, रविवार

स्टेशनवर गेलो होतो. मनमाडच्या गाडीनं गेले. वळकटी, ट्रंक, तांब्या हमालाकडे दिला, अल्बम मात्र स्वतःच्या हातात. मी म्हटलं, ट्रंकेत ठेवायचा होता. म्हणाले, "कोपरे मोडतील." गाडी सुटली तेव्हा खिडकीतून हात हलवत होते आणि मी टोपी सारखी करत होतो. डोळ्यांत कोळसा गेला.

घरी येऊन काहीच शिवलं नाही.

१४ जुलै, रविवार

खळ वाळत नाही, पुठ्ठ्याला बुरशी. नागपूरचं एक कार्ड आलं होतं, चार ओळी, तब्येत ठीक. मी उत्तर दिलेलं नाही. काय लिहायचं? शिकंजा करकरतो हे?

३० ऑगस्ट, शुक्रवार

ईद झाली. शरिफाला दिवस गेलेत, आली नाही. शीरखुर्मा केला, तो छबूबाईच्या पोरांना दिला. ती म्हणाली, "तुमचं ते पोष्टवालं दादा असतं तर निम्मा त्येनीच संपवला असता." खरं आहे. मास्तर शीरखुर्म्याला "तुमची खीर" म्हणायचे आणि तीनदा घ्यायचे. आज मला त्यांची फार आठवण येते. एवढंच लिहायचं होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

आज दुकानासमोर टांगा थांबला. कोट घातलेले एक शेठ उतरले. मुंबईचे, जुन्या तिकिटांचे व्यापारी. लष्करातले गोरे साहेब विलायतेला परत निघालेत, त्यांचे तिकिटांचे संग्रह घ्यायला छावणीत आले होते.

"एप्रिलमध्ये एका मास्तरांनी मला एक अल्बम दाखवला होता. आत तुमच्या दुकानाची चिठ्ठी होती. तसे सहा अल्बम मला बांधून हवेत," म्हणाले. म्हणजे हाच तो शेठ. मी मनात आस्तीन वर केली. म्हटलं, अल्बम आवडला आणि आतल्या तिकिटांना भाव द्यायला हात आखडला?

शेठ म्हणाले, "अहो, भाव कशाला देऊ? सगळी कापलेली! चार आण्यांच्या त्या तिकिटाला चारी बाजूंनी पांढरा कागद राहिलेला शंभरांत एखादं सापडतं. बाकी लोकांनी अष्टकोनाला लावून कापून टाकलेली, ती टोपलीभर मिळतात. त्या राणीचा कागद शाबूत असता तर मास्तरांचं घर झालं असतं. पाकिटावरच असती, शिक्का अर्धा तिकिटावर अर्धा पाकिटावर, तर घरावर माडी चढली असती. शिक्क्यावरून तर कळतं कुठून निघालं, कुठे पोचलं. तेच विकतं. इथं शिक्का घासलेला, पाकीट नाही, वर खळीनं चिकटवलेलं."

मी विचारलं, कोणी कापली म्हणाले?

"मास्तर म्हणाले, मीच. लहानपणी अक्कल नव्हती, आजोबांची कातर हाती लागली आणि कापत सुटलो. मी त्यांना तोंडावर म्हणालो, त्या पोराला तेव्हा चार फटके द्यायला हवे होते. तर हसले. म्हणाले, पोरगं मनानं चांगलं होतं हो."

अल्बमांची ऑर्डर मी घेतली नाही. पुठ्ठा नाही म्हणालो. शेठ गेले. मी दुकानाची फळी लावली, भर दुपारी.

३० सप्टेंबर, सोमवार

सकीनाची कातर समोर ठेवून बसलोय.

मी कापली. त्यांना इथं ठेवायला म्हणून बसलो आणि त्याच कातरीनं त्यांना नागपूरला धाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मास्तर त्या दिवशी बोट ठेवून सांगत होते, त्या पांढऱ्या कागदावरच बोट होतं, आणि मी खळ ढवळत होतो. भावाला पोचवून आले होते, त्यात मी त्यांच्या मांडीवर ते ठेवलं, आणि म्हणाले काय, तर तुमच्यासारखा हात नाही. आणि मी वाट बघत होतो, अजून कौतुक करतील म्हणून.

वर मी त्यांच्या धर्मावर संशय घेतला. मागची पानं फाडून टाकावीत असं वाटलं. नाही फाडली.

६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या चोपड्यांचं काम आलंय, लाल कापड दुकानभर पसरलंय. व्यापारी घाई करतात. मी शिवतो आणि उसवतो. छबूबाईनं आज दुधाचं भांडं खाली ठेवून सरळ विचारलं, "काय झालंय? आठ दिस झालं, दूध पातळ म्हनून भांडला न्हाई." मग सगळं सांगितलं. तिला तिकिटाचं काही कळलं नाही, पण म्हणाली, "तुमी चुकला ते त्येंला ठावं हाय. तुमाला ठावं झालं हे त्येंला ठावं न्हाई. कळवा की."

१३ ऑक्टोबर, रविवार

पत्र लिहिलं. बरेच कागद वाया गेले, आणि वाया गेले तर गेले. शेवटी एवढंच राहिलं:

मास्तर, शेठ येऊन गेले. कड मी कापली आणि फटके तुम्ही खाल्लेत. पाकिटं पट्ट्या होऊन पाठीत आहेत. पाठीवर ओलं फडकं रात्रभर ठेवा, खळ सुटेल, मग हळूच उकला. काही शिक्के पुरे निघतील, जोडून बघा, चार पैसे येतील. आणि माझी मागची खोली रिकामी आहे. हे एप्रिलात म्हणायचं होतं, पुठ्ठ्याचं म्हणायचं नव्हतं.

लढाईतल्या विजयाचं नवं तिकीट घेतलं. कातर हातात होती, सवयीनं. खाली ठेवली. दात्यांसकट तिकीट लावलं. मला अजूनही ते घाणेरडंच दिसतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. चोपड्या गेल्या. उत्तर नाही. छबूबाई रोज विचारते, आणि मी रोज म्हणतो नागपूर लांब आहे.

उत्तर का यावं? त्यांच्या जागी मी असतो तर दिलं असतं का, ठाऊक नाही. त्यांचं घर गेलं, आणि मी त्यांना फडकं भिजवायला सांगतोय.

१० नोव्हेंबर, रविवार

काल पत्र आलं. पोस्टमन बन्सी गल्लीच्या तोंडापासूनच "नागपूर, नागपूर" ओरडत आला. पाकीट घाईनं कडेला फाडलं. अक्षर वाकडं झालंय. उतरवून ठेवतो:

"जैनूभाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून उशीर. पाठ उकलणार नाही. फार पक्की बसली आहे, आणि आजोबांच्या पाकिटांना याहून चांगली जागा मी देऊ शकलो नसतो. इथं नातवाला रोज राणी दाखवतो. तो म्हणतो, आजोबा, हिच्या कडा किती सारख्या आहेत. मी म्हणतो, माझ्या दोस्तानं कापल्यात. खोलीचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. एप्रिलात म्हणाला असतात तर मी आलो असतो. आता लेक सोडणार नाही, आणि दिसतही नाही. पण रविवारी चारला इथं चहा घेतो. तुम्हीही तेव्हाच घेत जा. राधाकृष्ण."

आलो असतो, लिहिलंय. मी तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो, त्यामुळे पाकिटाकडे लक्षच गेलं नव्हतं. ते आज बघितलं.

तिकिटाला दाते नाहीत. चारी बाजूंनी कातरलेत. ज्या माणसानं जन्मभर पोस्टात बसून कडा जपल्या, ज्यानं मला हसून हसून सांगितलं की ही भोकं तुमच्यासाठी नव्हेत, त्यानं मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी कातर घेऊन हे केलंय. डावीकडे जास्त गेलंय, वर तिरकं, एका कोपऱ्यात चौकटच खाल्ली. नागपूरचा गोल शिक्का अर्धा तिकिटावर आहे आणि अर्धा पाकिटावर.

मी ते पाण्यात घातलं नाही. मी फाडलेली कडही सरळ केली नाही. अख्खं पाकीट आहे तसं या वहीत ठेवलंय.

चार वाजलेत. चहा खाली उतरवलाय.

फार वाकडं कापलंय. मास्तरांना कातर धरता येत नाही. इथं असते तर शिकवली असती.